पुढची खोली आणि मेंढ्यांचं मलम

शाळेचे मुख्याध्यापक झुमाबेक यांनी उमसुनायबाईंचा लिहिण्याचा वर्ग बंद केला. म्हणे पोरांना आधी धड वाचता येऊ द्या, मग लिहू द्या. म्हणून आज हे मृत्युपत्र लिहायला बसले. नाहीतर इतक्यात मरायचा विचार नव्हता.

मी तुर्सुनबूबू, वय त्रेपन्न, राहणार अकतेरेक, नमद्यांचे, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाचे गालिचे करते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे आणि तोंड ताब्यात नाहीत. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, तेवढी कोणाची हिंमतही नाही.

घर आणि मेंढ्या मुलगी गुलझातला. नमदा कापायची सुरी नणंद अनाराला, पण धार न लावता. मलमाची गोष्ट गावभर तिनेच केली.

ती गोष्ट अशी. चाळिशीपर्यंत मला अक्षरं ओळखू येत, वाचता येत नसे. एक अख्खा हिवाळा डबीतलं मलम गुडघ्यांना चोळलं. त्याच वर्षी उमसुनायबाई गालिचा न्यायला आल्या आणि माझी कटकट ऐकून म्हणाल्या (एजे म्हणजे आमच्याकडे ताई), "एजे, पुस्तक राहू द्या. हे जे बडबडताय, तेच रोज लिहा." मी लिहिलं: मेंढ्या, गुडघे, अनारा. चुका ढीगभर. महिनाभराने डबी हातात घेतली तर माझाच शब्द तिच्यावर बसलेला. 'मेंढ्यांच्या गोचिडांसाठी.' आयुष्यात सलग वाचलेलं पहिलं वाक्य. गुडघ्यांवर गोचीड मात्र एकही नव्हती.

आम्ही दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवून एकदम कापतो आणि एकातली नक्षी दुसऱ्यात बसवतो. जिने स्वतः कापलंय, तिला दुसरीच्या गालिच्यात सुरी कुठे वळली ते दिसतं. झुमाबेक गालिच्यावर नुसते बसतात. हे सांगायला गेले तर म्हणाले, "एजे, तिसरी पास बाई मला शिकवणार?"

"पास कुठली, नापास," मी म्हटलं. "म्हणून तर कळतं."

तरी घरातली पुढची खोली, चुलीसकट, शाळेला. अट एकच, तिथे उमसुनायबाईंनी पोरांना त्यांचं त्यांचं लिहायला लावायचं. माझ्या मरणाची वाट बघू नये, किल्ली आजच घ्यावी. नको असेल तर खोली मेंढ्यांना, आणि दारावर मी लिहीन: 'मुख्याध्यापकांच्या कृपेने.'

सही: तुर्सुनबूबू
साक्षीदार: अनारा (वाचून सही केली, असं तिचं म्हणणं), बेक्तेमिर टपालवाला
अकतेरेक, २० ऑगस्ट

झुमाबेक, हो की नाही ते पाच सप्टेंबरपर्यंत कळवा. तोंडी निरोप नको. स्वतःच्या हाताने लिहा, मी वाचीन.