ओट्याजवळची मुलाखत

आई, काल लोअर परळला मुलाखत देऊन आलो. तू जाऊन नऊ वर्षं झाली, मी सदतीस वर्षांचा आहे आणि अजून मला कुणी नोकरीवर ठेवत नाही. ताईला काल घरी येताच सांगितलं. ती मेथी निवडत होती. "बरं, हातपाय धुऊन घे," एवढंच म्हणाली. तिच्या घरी मी राहतो त्याला आता इतकी वर्षं झाली की दाजीही काही बोलत नाहीत.

तुला एक गोष्ट कधी कळली नाही, ती आधी सांगतो. माझं जे आहे त्याला नाव आहे, ऑटिझम. दोन वर्षांपूर्वी ताई मला दादरच्या एका डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी ताईला माझ्या लहानपणाबद्दल पुष्कळ विचारलं. शेजारी मिक्सर लागला की मी कान दाबून जिन्यात जाऊन बसायचो, ताटात भाजी वरणाला लागली की जेवायचो नाही, हे ताईने सगळं सांगितलं. तू लोकांना "तो जरा शांत आहे" म्हणायचीस तेही सांगितलं. बाई म्हणाल्या, हा आजार नाही, मेंदूची घडणच अशी असते. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. वाटलं, आता लोकांना सांगता येईल, आणि सांगितलं की जमेल.

तू सकाळची ड्युटी करून यायचीस, वॉर्डातल्या फिनेलचा वास तुझ्या साडीला असायचा, आणि चहा ठेवून तू स्टुलावर बसायचीस. मी ओट्याजवळ उभा, मुलाखतीची तालीम करायला. "नाव काय तुमचं?" तू विचारतेस. मी म्हणतो, "तुला माहीत आहे." "मला नाही माहीत. मी साहेब आहे." "तू साहेब नाहीस." आधी तू हसायचीस. एकदा मात्र चिडलीस, हात उगारलास आणि तसाच खाली घेतलास. "हे खोटं नाही रे, ही रीत आहे. उद्या मी नसेन तेव्हा तुला कोण विचारणार? डोळ्यांत बघवत नाही ना, मग कपाळाकडे बघ. समोरच्याला कळत नाही." तेव्हापासून मी सगळ्यांच्या कपाळाकडे बघतो.

मग तू हेडक्लार्कच्या मागे लागून मला तुमच्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये कंत्राटावर लावलंस. तळघर होतं, केसपेपरचे गठ्ठे होते आणि कुणी बोलत नव्हतं. कुठलाही जुना कागद मागितला की मी आणून द्यायचो. अकरा महिन्यांनी कंत्राट संपलं, सगळं कॉम्प्युटरवर गेलं आणि आम्हाला घरी पाठवलं. माझा अनुभव एवढाच आहे. प्रत्येक फॉर्मवर त्यासाठी मोठी जागा सोडलेली असते. माझ्या वयाची माणसं वेगळा कागद जोडतात, मी एक ओळ लिहितो.

मागच्या वर्षी लालबागला एका मसाल्याच्या दुकानात बिलं लिहायला लागलो होतो. तिथे काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मागचं मिरची कांडायचं मशीन आणि समोरची गिऱ्हाइकं एकदम सुरू झाली. मी कान दाबून काउंटरखाली बसलो. मालक माणूस चांगला होता. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि म्हणाला, "आधी सांगायचं होतंत. आता आम्ही काय करणार?"

म्हणून काल आधीच सांगितलं. आजोबा जिथे गिरणीत होते तिथेच आता काचेची इमारत आहे. जुने कागद लावून स्कॅन करायचं काम होतं. समोर एक मॅडम आणि एक सर. मी म्हटलं, "मी ऑटिस्टिक आहे. एका वेळी एकच प्रश्न विचारलात तर मला उत्तर देता येईल." मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि त्या एकेक शब्द सुटा करून मोठ्याने बोलायला लागल्या, जसं ऐकू न येणाऱ्याशी बोलतात.

सरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"मला माहीत नाही. मी अकरा महिन्यांच्या पुढची नोकरी बघितलेली नाही."

"टीममध्ये वाद झाला तर काय कराल?"

"बाहेर जाऊन उभा राहीन."

"आणि काम?"

"वाद संपला की करीन."

ते दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मी म्हटलं, "एक खोका कागद द्या, आत्ता लावून दाखवतो." सर सौम्यपणे म्हणाले, "तशी आमच्याकडे पद्धत नाही. आम्ही कळवू." "कधी?" "कळवू." मॅडम मला लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. माझं बोट बटणापाशी होतं, तरी त्यांनीच हात पुढे करून ते दाबलं.

न सांगावं तर आधी का नाही सांगितलं म्हणतात, सांगावं तर कळवतो म्हणतात. तिसरं काय करायचं ते तू शिकवलं नाहीस, तुलाही ते माहीत नसणार. ताई म्हणते, अजून एक फॉर्म भरू. ती पन्नाशीला आली, तिचे गुडघे दुखतात. ती गेल्यावर माझं काय, हे ती बोलत नाही, मीही विचारत नाही. आम्ही दोघं फॉर्म भरतो.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही आणि ताईलाही दाखवणार नाही, कारण एक गोष्ट तिलाही ठाऊक नाही. रेकॉर्ड रूम सुटल्यावर तुमच्याकडे कायमची जागा निघाली होती. तू शर्टाला इस्त्री करून दिलीस आणि ड्युटीवर गेलीस. मी मुलाखतीच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसलो. बाकावर दाटीवाटीने माणसं होती, वरची ट्यूबलाइट सारखी लुकलुकत होती. शिपायाने माझं नाव दोनदा पुकारलं. मला उठता आलं नाही. मग त्याने पुढचं नाव घेतलं. घरी येऊन मी म्हटलं, "नाही म्हणाले." माझ्या मुलाला खोटं बोलता येत नाही, असं तू सगळ्या चाळीत सांगायचीस, म्हणून तू काही विचारलं नाहीस. "त्यांना माणूस ओळखता येत नाही," म्हणालीस, आणि रिटायर होईपर्यंत त्या साहेबाला नमस्कार केला नाहीस. आई, त्या साहेबाने मला बघितलंच नव्हतं. मी आत गेलोच नव्हतो.