बिरड्यात आलेली जास्तीची ओळ

पनवेल,
१२ डिसेंबर १९९०

प्रिय अनुयाताईस,

आशालताचा नमस्कार. खरे तर वाकून करायला हवा, पण कंबर धरली आहे, तेव्हा बसल्या जागेवरून केलेला चालवून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? इकडे सगळे ठीक. म्हणजे ह्यांना बढती नाही, नळाला पाणी नाही, आणि घरबसल्या प्रुफं तपासण्याचा माझा उद्योग बंद पडला आहे. (तू पुण्यात प्रकाशकाकडे नोकरीला, म्हणून ही बातमी आधी तुला.)

उद्योग सुरू झाला तो ह्यांचा पगार महिनाअखेरीपर्यंत पोचत नाही म्हणून. इथल्या एका छापखान्याचे मालक धर्मराजशेठ म्हणाले, "वहिनी, अगदी सोपं काम. चहा पिता पिता होतं." (चहा प्रुफावर सांडतो, हे सांगायचे राहिले.) आधी एका पतपेढीचा अहवाल आला, मग कोंबड्यांच्या रोगांवरचे एक जाडजूड पुस्तक. तेव्हापासून घरात अंडे आले की मी त्याच्याकडे संशयाने बघते.

आता या कामाला माणसे दोन लागतात, हे तुला मी काय सांगावे, पण पत्र भरायला हवे. एकाने हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून ऐकायचे. ऐकले ते कागदावर नसेल तर समासात दुरुस्ती करायची. संध्याकाळी हे घरी येतात ते बोलण्याच्या अवस्थेत नसतात. आमच्या मितालीने कोंबड्यांचे नाव ऐकताच अभ्यासाला सुरुवात केली. उरले सासरे, अण्णा. माई गेल्यापासून अण्णांचे बोलणे 'हं' आणि 'नको' यांवर आले होते, हे तू दिवसांना आली होतीस तेव्हा पाहिलेच आहेस. नाइलाजाने मी हस्तलिखित त्यांच्यापुढे ठेवले. सारी नोकरी अलिबागच्या कोर्टात, साक्षीदारांच्या जबान्या वाचून दाखवण्यात गेलेली. त्यांनी चष्मा लावला, घसा खाकरला, आणि खुनाच्या खटल्यातला पुरावा वाचावा तसे म्हणाले, "कोंबडी मान वाकडी करते, पूर्णविराम."

मी रडले. (कोंबडीसाठी नव्हे.) कोन गावाहून वाल घेऊन येणारी कमळाबाई दारात थबकली. "आजोबा बोलतान काय! आमी समजलो मुकेच हायत!" पुढे पुढे तर अण्णा जेवतानाही "भात वाढ, स्वल्पविराम, थोडा" असे म्हणू लागले. पण म्हणू लागले, हे महत्त्वाचे.

इथवर ठीक होते. मग चंद्रावतीबाईंचे पाककृतींचे पुस्तक आले. या बाई गावातल्या मोठ्या घरच्या, पुस्तक स्वखर्चाने काढलेले, त्यामुळे प्रस्तावनेत कौतुकही स्वतःच केलेले. वालाच्या बिरड्यापाशी अण्णांचा आवाज जरा हळू झाला. ते वाचत होते आमसूल, आणि माझ्या कागदावर होते चिंच-गूळ. मी आमसूल केले. पुढे तर एक अख्खी ओळच छापायची राहिलेली. छापखान्यात खिळे जुळवणारा कधीकधी ओळ खातो, तशी खाल्ली असेल म्हणून मी ती समासात सुवाच्य अक्षरांत भरली, आणि पुस्तक छापून झाले.

पुस्तक आणि चंद्रावतीबाई एकाच रिक्षातून आमच्या दारी आल्या. मागून धर्मराजशेठ, हातात हस्तलिखित. बाईंनी उभ्यानेच वाचून दाखवले: "बिरडे उतरवून पेपर वाचत बसलेल्या माणसाला हाक मारावी. दोनदा हाक मारूनही तो उठला नाही, तर वर झाकण ठेवून गप्प बसावे."

"ही हाक कुणी मारली?" बाई कडाडल्या. "माझ्या घरी हाका माराव्या लागत नाहीत. वासावर येतात सगळे!"

शेठनी हस्तलिखित उघडले. त्यात ती ओळ नव्हती, आमसूलही नव्हते. मी अण्णांकडे पाहिले. ते खिडकीच्या कडीकडे बघत होते. माईंचे बिरडे आमसुलाचेच असे, आणि पेपर पूर्ण झाल्याशिवाय अण्णा जेवायला उठल्याचे मला आठवत नाही.

"चूक माझी," मी म्हटले, "मला हल्ली कमी ऐकू येतं." (परिणाम असा, की धर्मराजशेठ आता भर बाजारात माझ्याशी ओरडून बोलतात.) जाताना त्यांनी जिन्यावरून ओरडून सांगितले, "वहिनी, आता तुम्ही आराम करा!" त्यानंतर काम आले नाही. अण्णांनी चष्मा पुसून डबीत ठेवला, तो तिथेच आहे. बोलणे पुन्हा 'हं' आणि 'नको'.

मला विचारशील तर बरेच झाले. डोळ्यांना विश्रांती, घरात शांतता. कपबशी ठेवली तरी आवाज येतो, इतकी शांतता. तेव्हा माझी काळजी नसावी. भावोजींना नमस्कार.

तुझी,
आशालता

ता. क. तुमच्या कार्यालयात जुनी हस्तलिखिते आणि त्यांची प्रुफं पडून असतील ना? पुस्तक कधीच निघून गेले असले तरी चालेल, निघणारच नसले तरी चालेल. मोबदला नको. टपालखर्चही मी देईन. एखादे पाठवशील?

पुन्हा ता. क. आपल्यामुळे सुनेचे काम गेले, असे अण्णांनी मनाला लावून घेतले आहे. तेव्हा माझ्यासाठी पाठवते असे लिहू नकोस. पुण्यात चांगला वाचणारा मिळत नाही, अण्णांनीच वाचावे, असे लिही. तुझे पत्र मी त्यांनाच वाचायला देणार आहे, म्हणून लांबलचक लिही आणि स्वल्पविराम सढळ हाताने दे. आणि पाककृतींचे काही असेल, तर आधी ते पाठव. माईंची पुरणपोळी मला अजून कळलेली नाही.