लपवलेली सर्दी

सांताक्रूझ, ७ मार्च १९८६

रीटाबाय,

दोन चिठ्ठ्या फाडल्या, ही तिसरी. तुझ्या नवऱ्याचे पाय माझ्यामुळे गेले गं.

त्या दिवशी मला सर्दी होती. सर्दी असली की पाणबुड्याला खाली सोडत नाहीत, म्हणून मी लपवली. नाकात औषधाचे थेंब टाकले आणि तेलाच्या रिगवरून उतरलो. अल्फान्सो आधीपासून खाली होता. चाळीस मीटरवर काम उरकेपर्यंत औषधाचा असर गेला. वर येऊ लागलो तशी कपाळात कोंडलेली हवा फुगली. भुवईत कुणी खिळा ठोकतंय असं वाटलं. मास्कमध्ये रक्त आलं, तो मी वेड्यासारखा ओढून काढला.

तेवढ्या खोलीवरून थांबत थांबत वर यावं लागतं, नाहीतर रक्तात बुडबुडे होतात. अल्फान्सो थांबला नाही. मला बखोटीला धरून त्याने थेट वर आणलं. मी थोडाच वेळ खाली होतो, वाचलो; तो कधीचा खाली होता, बुडबुडे त्याच्या कण्यात गेले.

चौकशीत तोच साहेबांना म्हणाला, "मी घाबरलो, म्हणून वर आलो." मी खाली मान घालून त्याच जबाबावर सही केली.

काल हॉस्पिटलात तू माझ्या कपाळाला बाम लावलास. म्हणालीस, "तो घाबरला, पण तू तरी वाचलास ना रे!" मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

चिठ्ठी पोचेपर्यंत माझी हिंमत जाईल. म्हणून ही टाकत नाही. आत्ताच अंधेरीला तुझ्याकडे निघतो. दार लावून घेतलंस तर पायरीवरून ओरडेन, सगळ्या गावठाणाला ऐकू जाऊ दे, अल्फान्सो घाबरला नव्हता.

तुझा भाऊ,
ग्रेगरी