हरणानं खाल्लेलं भविष्य

साकाई, ६ नोव्हेंबर

तीर्थरूप नोबुएताईस,
धाकट्या तेइजीचा कंबरेतून वाकून नमस्कार.

पत्रात आधी हवापाणी लिहावं, स्वतःचं रडगाणं मागाहून, असं आईनं शिकवलं होतं, म्हणून आधी हवा. इकडे थंडी पडू लागली आहे. समोरच्या अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाला फळं लगडली आणि कावळ्यांनी त्यातली चांगली तेवढी निवडून खाल्ली. तुझ्याकडे कानाझावात पाऊस असेलच. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? तुझं पत्र येऊन सहा वर्षं झाली. नवीन वर्षाचं कार्ड येतं, नाही असं नाही, पण त्यावर सगळं छापील असतं. हातानं लिहिलेलं एखादं अक्षर सापडतंय का म्हणून मी ते उलटसुलट करून बघतो. यंदा कोपऱ्यात शाईचा एक ठिपका सापडला. (दोन दिवस फार बरं वाटलं. मग लक्षात आलं की तो शिक्क्याचा असावा.)

माझी तब्येत उत्तम आहे. अठरा तारखेला छाती उघडून हृदयातली एक झडप बदलणार आहेत, तेवढं सोडलं तर उत्तम. काळजी करू नकोस. डॉक्टर म्हणाले, शंभरातले सत्त्याण्णव जण चालत घरी जातात. उरलेल्या तिघांचं काय होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फक्त म्हणाले, तोवर घरात कुढत बसू नका, उन्हात फिरून या. म्हणून काल आमच्या आळीतल्या ज्येष्ठ मंडळाच्या सहलीला गेलो. सकाळी बसनं नारा, संध्याकाळी परत, सोबत मार्गदर्शक आणि जेवणाचा डबा. आणि ताई, तिथं जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही.

भीती बसमध्ये पाऊल टाकल्यापासूनच होती. आम्ही चाळीस जण. मी सवयीनं माणसं मोजली (अडतीस वर्षं लिफ्ट तपासण्याच्या नोकरीत काढली, कुठल्याही बंद डब्यात शिरलो की माणसं मोजतो आणि वजनाचा अंदाज घेतो) आणि मग डॉक्टरांचा हिशेब लावून पाहिला. शंभरात तीन, तर चाळिसात एकाहून थोडं जास्त. म्हणजे एक अख्खा माणूस आणि वर कुणाचा तरी एक पाय. मी सगळ्यांकडे नीट बघितलं. सगळे टुणटुणीत! पाठीमागे दोन म्हातारे सांडगे चावल्यासारखं कडाकडा काहीतरी खात होते. तो अख्खा माणूस कोण, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

माझ्या शेजारी नुकागाबाई बसल्या होत्या. वय एक्क्याऐंशी. दोन डोळे, एक कंबर आणि एक नवरा, एवढ्यांची ऑपरेशनं त्यांनी पार पाडली आहेत. (नवरा दगावला, बाकी सगळं ठीक आहे.) त्यांनी मला संत्र्याची फोड दिली आणि विचारलं, “चेहरा का असा उतरलाय? बस लागते का?” मी हो म्हणालो. एवढ्यात शेजारून प्रेत नेणारी ती लांब काळी गाडी गेली, आणि बघतो तर काय, अख्ख्या बसनं झटकन अंगठे मुठीत लपवले! ड्रायव्हर तेवढा सोडून. चाळीसही माणसं सत्तरीपुढची, एकाचेही आईबाप जिवंत नाहीत, तरी सगळ्यांचे अंगठे आत. नुकागाबाईंनी तर संत्र्यासकट मूठ आवळली, रस माझ्या पँटवर.

तुला आठवतं? अशी गाडी दिसली की तूच माझा अंगठा पकडून मुठीत कोंबायचीस. नाही लपवला तर आईबाबांच्या शेवटच्या घडीला आपण जवळ नसू, म्हणायचीस. मी जन्मभर लपवला, ताई. एकदाही चुकलो नाही. आणि ती घडी आली तेव्हा तू इस्पितळाच्या सातव्या मजल्यावर आईचा हात धरून बसली होतीस आणि मी खाली बागेत बाकड्यावर. आयुष्यात चार हजार लिफ्ट तपासल्या, पण त्या दिवशी एका लिफ्टचं बटण काही दाबवलं नाही. तुला सांगितलं, आगगाडी दीड तास उशिरा आली. गाडी मिनिटभर चुकत नाही अशा आपल्या देशात राहून ही थाप! तू माझ्याकडे नुसती बघत राहिलीस. गाडी वेळेवर होती. हे एकदा लिहायचंच होतं, बसच्या ओघात लिहून झालं, बरं झालं.

तर नारा. आमची मार्गदर्शक हायामी नावाची चोवीस वर्षांची मुलगी, हातात पिवळा झेंडा, आवाज असा की मुडदाही उठून रांगेत उभा राहील. “आजीआजोबा, झेंड्यावरची नजर हलवायची नाही! तीन चाळीसला बस सुटणार, तीन एकेचाळीसला नाही!” आधी बुद्धाची महामूर्ती पाहिली. मूर्ती मोठीच आहे, पण माझं सगळं लक्ष त्या भोक पाडलेल्या लाकडी खांबाकडे. त्यातून जो आरपार जाईल त्याला आजार शिवत नाही म्हणतात. मी डोळ्यांनी माप घेतलं. माझं डोकं आणि एक खांदा गेला असता. बाकीचा मी बाहेर राहिलो असतो, आणि झडप त्या बाकीच्यात आहे. म्हणून विचार सोडला.

तिथून पुढे एक छोटं देवस्थान होतं. तिथं सगळ्यांनी भविष्याच्या चिठ्ठ्या काढल्या. मी काढणार नव्हतो. देवाशपथ नव्हतो. पण नुकागाबाईंनी लाकडी डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, “हलवा हो, बाँब आहे का तो?” हलवला. त्यांना ‘शुभ’ आलं, मागच्या दोन कडाकड म्हाताऱ्यांना ‘महाशुभ’ आलं. मला ‘महाअशुभ’. ते आजकाल छापतच नाहीत म्हणे, लोक नाराज होतात. या देवस्थानात अजून छापतात. मोठ्या अक्षरात छापतात.

खाली बारीक मजकूर होता, तो जसाच्या तसा देतो. प्रवास: टाळावा. हरवलेली वस्तू: सापडेल, पण मोडलेली. आजार: लांबेल. आणि शेवटची ओळ: वाट पाहत असलेलं माणूस येणार नाही. आजाराची ओळ मी एकदा वाचली. शेवटची चारदा वाचली. तिथल्या दगडी दिव्याला धरून उभा राहिलो.

वाईट चिठ्ठी तिथल्याच तारेला बांधून यायची, अशुभ तिथंच राहतं, हे मला का माहीत नाही? पण गाठ बसेना, तारेवर आधीच एवढ्या चिठ्ठ्या की बोट शिरेना, आणि तिकडे पिवळा झेंडा कोपऱ्यावरून वळला. मी चिठ्ठी कोटाच्या खिशात कोंबली. म्हटलं पुढच्या देवळात बांधू. पंचवीस पावलं गेलो असेन, कोट कुणीतरी ओढला. वळून बघतो तर हरिण! एक कान फाटलेला, नजर सावकाराची. (तू म्हणशील, “तुला हरणांची भीती पहिल्यापासून.” हो, आहे. बाबांनी आपल्याला नाराला आणलं होतं तेव्हा हरणानं माझी टोपी पळवली आणि तू त्याच्या कपाळात छत्री हाणलीस. काल छत्री होती, तू नव्हतीस.) मी सोड सोड म्हणेपर्यंत त्यानं चिठ्ठी ओढली, दोनदा चावली आणि गिळली. वर माझ्याकडे बघून मान खाली घातली, आणखी आहे का म्हणून.

आता तूच सांग, माझं अशुभ गेलं कुठं? तारेला बांधलं असतं तर देवाकडे राहिलं असतं. खिशात राहिलं असतं तर माझ्याकडे. पण हरणाच्या पोटात? ती तर देवाची हरणं. म्हणजे मी देवाच्या हरणाला महाअशुभ खायला घातलं. त्याला काही झालं तर पाप माझ्या माथी, आणि काही झालं नाही तर अशुभ त्याला लागलं नाही, म्हणजे ते अजून माझंच. दोन्हीकडून मेलोच की! त्याची तब्येत पाहावी म्हणून मी त्याच्या मागोमाग निघालो. ते चालायला लागलं, मी चालायला लागलो. ते खाली बसलं, मी त्याचे श्वास मोजत उभा राहिलो. ते उठलं, मला हायसं वाटलं. त्यानं एका बाईच्या पिशवीतला नकाशा खाल्ला तेव्हा भूक चांगली आहे हे बघून माझे डोळे भरून आले. मग घड्याळ पाहिलं. तीन चव्वेचाळीस.

बसशी पोचलो तेव्हा तीन सत्तेचाळीस झाले होते. सात मिनिटं! एकोणचाळीस माणसं खिडकीतून बघत होती. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं. मी दारात उभा राहून वाकलो, पुढच्या रांगेला वाकलो, मधल्यांना वाकलो. कारण काय सांगू? हरणाची प्रकृती बघत होतो? तेवढ्यात नुकागाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “जाऊ द्या हो, अठरा तारखेला त्यांची छाती उघडणार आहेत.” (सकाळी दुसरी फोड खाताखाता मी त्यांना खरं काय ते सांगून बसलो होतो.) अख्खी बस हळहळली. हायामीचा झेंडा खाली आला. “मग काका, सोबत कोण असणार?” ती म्हणाली.

ताई, मी खरं सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. पण एकोणचाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि मला चिठ्ठीतल्या त्या शेवटच्या ओळीची धास्ती बसली होती. तोंडातून निघून गेलं, “ताई येणार आहे. कानाझावाहून.”

“वा वा! मग काय घाबरायचं!” सगळी बस एकदम सैलावली. सात मिनिटं माफ झाली. कडाकड म्हाताऱ्यांपैकी एक म्हणाला, थोरली बहीण म्हणजे निम्मी आई. वाटेत बस थांबली तेव्हा सगळ्यांनी मिळून तुझ्यासाठी नाराचं मुरलेलं काकडीचं लोणचं घेतलं, एवढ्या लांबून येणार म्हणून. हे जे पार्सल आहे ते तेच. वर एकोणचाळीस सह्या आहेत, हायामीनं झेंडा काढलाय. नुकागाबाईंनी मला उतरताना बाजूला घेतलं आणि म्हणाल्या, “ताईला अजून कळवलं नाहीत ना?” मी म्हटलं, तुम्हाला कसं कळलं? “माझा नवरा असाच थापा मारायचा. कानाची पाळी लाल व्हायची.”

तर असं आहे. तू येणार हे आता एकोणचाळीस माणसांना माहीत आहे. तुला तेवढं माहीत नव्हतं, म्हणून कळवलं. मनावर घेऊ नकोस. ताईचे गुडघे धरले, असं मी मंडळात सांगून टाकीन, कानावर टोपी ओढून. लोणचं दोघं मिळून खा. भावोजींना नमस्कार. थंडीत गुडघ्यांना लोकरीचं काहीतरी बांधत जा.

तुझा,
तेइजी

ता. क. सोबत इस्पितळाचा कागद आहे. त्यावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. तुझं नाव मी पेन्सिलीनं लिहिलं आहे, नको असेल तर खोडता येईल. सही करून टपालानं पाठवलीस तरी चालतं, मी चौकशी केली. लिफाफा घातला आहे. येण्याची काही गरज नाही.

ता. क. आज सकाळी न राहवून हायामीला फोन केला आणि हरणाचं विचारलं. ती म्हणाली, काका, बाराशे हरणं आहेत, कुठलं सांगू? मी फाटक्या कानाचं सांगितलं. अर्ध्या तासानं तिचाच फोन आला. तिनं तिथल्या दुकानदाराकडे चौकशी केली होती. हरिण ठणठणीत आहे. म्हणजे ती ओळ अजून माझ्याच नावावर आहे. ताई, मला फार भीती वाटते. झडपेची नाही. झडपेचीही वाटते, पण ती वेगळी.

ता. क. शस्त्रक्रिया अठराला सकाळी नऊ वाजता, तिसरा मजला. लिफ्ट चांगली आहे, मी स्वतः तपासली, चारदा वरखाली केलं. पण आलीस आणि वर यावंसं वाटलं नाही, तर मी समजेन, मी नाही समजणार तर कोण? खाली फाटकाजवळ एक बाकडं आहे. मी बसून पाहिलं. तिथून माझी खिडकी दिसते. पडदा उघडा ठेवायला सांगितलं आहे.