काखेत उबवलेला फोटो

आबा, मागच्या आठवड्यात तुमच्या नातीने एक कॅमेरा आणला. फोटो काढला की लगेच पोटातून बाहेर टाकणारा, तुमच्याकडे होता तसाच, फक्त खेळण्याएवढा आणि आकाशी रंगाचा. मैत्रिणींबरोबर दमणला जाऊन तिने समुद्राचे फोटो काढून आणले आणि उरलेल्यातला एक मायवर खर्च केला. माय खुर्चीत बसून मेथी निवडत होती. "नानी, आम जो ने!" इकडे बघ म्हणून तिने हाक मारली आणि माय वर बघेपर्यंत फोटो निघालाही. पोरगी तो कोरा कागद हवेत झटकायला लागली, तशी मायने हात पुढे करून तो काढून घेतला आणि पदराखाली काखेत दाबून धरला. म्हणाली, "हलाडू नको. तेले ऊब लागस." माझ्या हातातली चहाची गाळणी खाली पडली. सकाळी जेवले की नाही हे माय आता विसरते, कधी कधी मला तिची बहीण समजते, आणि तुमचं वाक्य मात्र तिच्या तोंडात जसंच्या तसं. मग तिने फोटो काढून पाहिला, स्वतःलाच पाहिलं, आणि गेली तीसेक वर्षं म्हणते तेच म्हणाली. "पेटी वर ठेवाले पाहिजे व्हती वं. माले सुचनंच नही."

तुमचा कॅमेरा मागाच्या कारखान्यातल्या शेठकडून आला होता. त्यांच्या परदेशातल्या भावाने दिलेला, इथे फिल्म मिळत नाही म्हणून कपाटात पडून राहिलेला. एका दिवाळीला मिठाईच्या खोक्याबरोबर त्यांनी तो तुम्हाला देऊन टाकला. भाऊ आला की फिल्मचं एखादं पाकीट मिळायचं, पाकिटात दहा फोटो. वर्षाचे दहा. ते कुठे खर्चायचे याचा तुम्ही मागावर उभे राहून महिनाभर विचार करायचात, आणि कुणी समोर येऊन केस सारखे केले की तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळी भाऊबंदकी आपल्या लिंबायतच्या दोन खोल्यांत जमायची, तेव्हा निम्मं पाकीट तिथेच संपायचं. या फोटोला निगेटिव्ह नसते, दुसरी प्रत निघत नाही, हे तुम्हाला चांगलं माहीत होतं. तरी फोटो उमटला की तुम्ही ज्याचा त्याला देऊन मोकळे. "जेनं तोंड, तेना फोटो." माय चिडायची. नंदुरबारपासून कडोदऱ्यापर्यंत लोकांच्या घरी तुम्ही काढलेले फोटो लागले होते आणि आपल्या भिंतीवर एक कॅलेंडर. मला याचा राग येतो, आबा. आजही येतो. स्वतःच्या घरात स्वतःचं तोंड उरू नये, एवढं उदार कुणी असू नये.

आपल्या घरात एकच होता. मी अकरा वर्षांची, आपण तिघं वणीच्या गडावर गेलो होतो. सकाळची कडाक्याची थंडी आहे, माय खाली प्रसाद घेतेय, पाकिटात शेवटचा एक फोटो आहे आणि मी हट्ट धरून बसलेय की तो मी काढणार, आणि तुमचाच काढणार. तुम्ही कुरकुर करत कॅमेरा माझ्या हातात देता. पायरीवर बसता, टोपी सारखी करता, हसू दाबता. फोटो बाहेर येतो. थंडीत तो निळा पडतो म्हणून तुम्ही तो स्वेटरच्या आत काखेत धरता आणि आपण दोघं वाट बघत उभे राहतो. मग बाहेर काढून पाहतो तर आधी टोपी दिसते, मग मिशी, मग ते दाबलेलं हसू, आणि डाव्या कोपऱ्यात गुलाबी काहीतरी. तुम्ही म्हणता, "तुनं बोट बी उनं वं फोटोमा! एकच व्हता, तो बी वाया घाला." मी रडत पायऱ्या उतरले. परतीच्या बसमध्ये तुम्ही तो माझ्या मांडीवर ठेवलात आणि खिडकीकडे बघत म्हणालात, "जिनं बोट, तिना फोटो."

मी बारावीला असताना तुम्ही गेलात. तीन दिवसांत सगळं संपलं. पाटावर ठेवायला घरात दुसरा फोटो नाही म्हणून मी माझा दिला, आणि तेव्हापासून तो मायचा झाला. ती तो पत्र्याच्या पेटीत, तुमच्या धुतलेल्या सदऱ्याच्या घडीत ठेवायची. लिंबायतमध्ये खाडीचं पाणी कसं घरात शिरायचं ते तुम्हाला काय सांगू. पण तुमच्यामागे लोकांना त्यावर एक नवा उपाय सापडला होता: लॅमिनेशन. रेशनकार्ड, दाखले, कुणी तर लग्नपत्रिकासुद्धा प्लॅस्टिकमध्ये घालून आणायचे. पावसाळ्याच्या तोंडावर मी माझं गुणपत्रक घेऊन दुकानात गेले आणि मायला न सांगता तुमचा फोटोही नेला. तिला दाखवून चकित करायचं होतं. दुकानदाराने फोटो उलटसुलट करून विचारलंसुद्धा, "ये गरम में चलेगा क्या?" मी म्हटलं, चलेगा. या फोटोला ऊब लागते, एवढंच मला ठाऊक होतं ना. मशीनच्या तापलेल्या रुळांतून तो पलीकडे निघाला तेव्हा फुगला होता. माझ्यासमोर आधी तपकिरी झाला, मग काळा. टोपी गेली, मिशी गेली, हसू गेलं. डाव्या कोपऱ्यातलं माझं बोट तेवढं राहिलं, प्लॅस्टिकमध्ये अगदी सुरक्षित.

आज सांगू, उद्या सांगू करताना महिना गेला, आणि खाडी घरात आली. पेटी खालीच होती. पाणी ओसरल्यावर मायने चिखल झालेला प्रत्येक कागद बोटांनी उलगडून पाहिला, तुमचा सदरा तीनदा झटकला. मग पेटीजवळच बसली आणि म्हणाली, पेटी वर ठेवायला पाहिजे होती. मला खोटं बोलावंही लागलं नाही, आबा. मी फक्त गप्प राहिले. तेव्हापासून पितृपक्षात फोटो नाही म्हणून ती तुमच्या कॅमेऱ्याला फूल वाहते, आणि वाहताना तुमची माफी मागते. आता आम्ही उधन्याला दुसऱ्या मजल्यावर राहतो, पाणी इथवर येत नाही, तरी पेटी माळ्यावर आहे. मी शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवते आणि घरी येऊन मायचं ते वाक्य ऐकते.

काखेतला तो फोटो पाहून मला राहवलं नाही. दुसऱ्या दिवशी साड्यांखाली इतकी वर्षं लपवलेली, प्लॅस्टिकमधली ती काळी पट्टी काढली, मायच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. तिने ती बराच वेळ अंगठ्याने चोळली. मग माझ्या गालावर हात ठेवला. "तू पोर व्हती वं. जाऊ दे." मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, या वयात. वाटलं, सुटले. सुटली तीसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिची वेणी घालत होते, आणि ती म्हणाली, पेटी वर ठेवायला पाहिजे होती. मी पुन्हा पट्टी आणली, पुन्हा सांगितलं. तिला पुन्हा पहिल्यासारखाच धक्का बसला, आणि पुन्हा तिने मला माफ केलं. परवा तिसऱ्यांदा. नवं काही तिच्यात टिकत नाही, आणि जुनं टिकलंय ते मी दिलेलं. मला तीनदा माफी मिळाली, आबा. तिला एकदाही नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते साड्यांखाली पट्टीबरोबर राहील. तिला सांगता येत नाही ते निदान तुम्हाला सांगते. आज शाळेतून आले तेव्हा पाय भरून आले होते, कुकर लावायचा होता, आणि तिने पुन्हा तेच काढलं. मी कपाटापर्यंतही गेले नाही. म्हटलं, "पाणीच भलतं व्हतं, माय." ती म्हणाली, "हा, पण पेटी वर ठेवाले पाहिजे व्हती ना?" ती माझ्याकडे बघत राहिली, उत्तराची वाट बघत. आणि मी म्हटलं, "हा माय. पाहिजे व्हती."