पिसवा आल्या कुठून

चिमे,

मी कामावर निघालेय. मनीच्या मानेवर पिसवांचं औषध घातलंय, आज तिला उचलू नकोस. चादरी गरम पाण्यात भिजवल्यात, पिळून वाळत घाल. सोफ्याखालून नीट झाडून घे.

एक कळत नाही. मनी उंबरासुद्धा ओलांडत नाही, मग पिसवा आल्या कुठून? चावे तुझ्या घोट्यांवर आहेत. तुझ्या जीन्सला तांबूस केसही चिकटलेत. तसे केस फक्त लाल्याचे होते, आणि त्याला तर तुझे बाबा जाताना सोबत घेऊन गेले.

मैत्रिणीकडे जाते, असं पुन्हा सांगू नकोस. मी रागावणार नाही.

टेबलावर कुत्र्याचं औषध ठेवलंय. मनीला लावू नकोस, तिला बाधेल. लाल्या बाबांना औषध लावू देत नाही, तूच लाव.

आई