हलक्या गाडीचा भरवसा

३ नोव्हेंबर, सोमवार
प्र. आली. फोन नाही, निरोप नाही, सकाळी गडचिरोलीच्या बसमधून उतरून सरळ दारात. म्हणे नवीन चिलखती गाडीचं ट्रेनिंग आहे, नागपुरातच, महिना तरी लागेल. पोलिसात ड्रायव्हर झाल्यापासून या पोरीला दिवाळीलाही धड सुट्टी मिळालेली नाही. मी म्हटलं, "एवढे दिवस कसे काय सोडले?"
"सोडले नाही वं आई, ड्युटीच आहे."
बॅग तिच्या बाबांनी उचलली आणि तिनं उचलू दिली. पाहून ठेवलं.

५ नोव्हेंबर
यांना नवीन खेळणं मिळालं. निवृत्त झाल्यापासून मोबाइल हातात, त्यात आता पोरगी घरी. त्या गाडीचे व्हिडिओ लावतात आणि जेवता जेवता मला शिकवतात. "पाहून राहिली का? बुड नावेसारखं आहे. खालून फटका बसला तर दोन्ही बाजूनं निघून जाते. टायरमध्ये गोळी लागली तरी गाडी पळते." खापरखेड्याला वीजकेंद्रात जन्म गेला यांचा, मशीन दिसलं की डोळे चमकतात.
मी विचारलं, "हलकी हलकी म्हणता, तर काय कमी केलं त्याच्यातून?"
प्र. म्हणाली, "काही कमी नाही केलं. पोलाद चांगलं आहे, म्हणून कमी लागते."
असेल. पण वजन कमी झालं म्हणजे काहीतरी गेलंच ना. जे गेलं ते कोणाच्या अंगावर येतं, ते व्हिडिओत दाखवत नाहीत.
हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून आयुष्य गेलं माझं. खालून स्फोट झालेल्या गाडीतली माणसं पाहिली आहेत. चेहऱ्यावर ओरखडा नाही, कपडे फाटलेले नाहीत, बोलतात, पाणी मागतात. आणि बूट काढला की टाच हाताला लागत नाही, नुसता चुरा. गाडी फुटली नाही म्हणून आमच्या वॉर्डात कधी कोणाला आनंद झाला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार
घरभर होती आज. मी पाहत होते.
खुर्चीच्या टोकाला बसते. खाली पडलेलं उचलायचं तर वाकत नाही, गुडघे मोडून सरळ खाली जाते. दुपारी आडवी झाली तर गुडघ्याखाली उशी. ही उशी मी रोज देते, वॉर्डात.
"पाठ दुखते काय?"
"दिवसभर गाडी चालवून कोणाची नाही दुखत?"
हसली. जरा लवकरच हसली.
ट्रेनिंगमध्ये पडली का? गाडी कुठं खड्ड्यात घातली का? यांना विचारलं तर म्हणे, "तुले प्रत्येक माणूस पेशंटच दिसते." खरं आहे. म्हणून काय झालं.

१२ नोव्हेंबर
पाटवडीचा रस्सा केला होता, तिच्या आवडीचा. जेवताना सहज विचारलं, "तिकडं आता शांत झालं म्हणतात सगळे, मग नव्या गाड्या काहून घेऊन राहिले?"
"माणसं शांत झाली वं. जमिनीत पुरलेलं थोडीच शांत होते. कोणी, कधी, कुठं पुरलं, आता सांगणाराही राहिला नाही कुठं कुठं."
एवढं बोलली आणि ताटातच पाहत बसली. दुसरी पाटवडी घेतली नाही.
ट्रेनिंगला जाते म्हणते, पण बूट घालून जात नाही, साधे चपलेसारखे सँडल. गाडी चालवायला असे जातात?

१५ नोव्हेंबर, शनिवार
मैदानावर पोलिसांच्या गाड्यांचं प्रदर्शन होतं. घरच्यांनाही बोलावलं होतं. हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार, मला बळंच नेलं. बरं झालं गेले.
गाडी वाटली होती तेवढी मोठी नाही. आमच्या गल्लीतून आरामात निघेल. काच एवढी जाड की आतून पाहिलं तर बाहेरचं लिंबाचं झाड हिरवट आणि जरा वाकडं दिसत होतं. दार मला एका हातानं ओढलं गेलं नाही. मागे बसायच्या सीटा जमिनीवर नाहीतच, पट्ट्यांनी भिंतीला टांगलेल्या, आणि पाय ठेवायला सीटलाच लावलेली पट्टी. पाय जमिनीला टेकूच नयेत म्हणून. हे पाहिलं आणि मनातून पटलं. ज्यानं हे केलं त्यानं टाचा पाहिल्या असणार.
मग पुढे पाहिलं. ड्रायव्हरची सीट तशीच, पण पाय? ब्रेक, क्लच तर खालीच. ड्रायव्हरनं पाय टांगून गाडी कशी चालवायची?
कंपनीचा एक तरुण इंजिनिअर होता, त्याला विचारलं. तो गोंधळला नाही. म्हणाला, "बरोबर विचारलं मॅडम. मागं जेवढा बचाव करता येतो तेवढा तिथं करता येत नाही. पण पॅडलच्या खाली दोन थर आहेत, मधे जागा सोडलीय. खालचा वाकला तर वरचा वाकायच्या आधी वेळ मिळतो."
"किती वेळ?"
"फार नाही. पण पुरतो." 'पुरतो' म्हणताना प्र.कडे पाहिलं त्यानं. का पाहिलं?
गर्दीत कोणा बाईनं विचारलं, स्फोट झाला तर आतल्या माणसाला काय वाटतं. इंजिनिअर सांगायला लागला, सीट धक्का शोषून घेते वगैरे. त्याचं पूर्ण व्हायच्या आधी प्र. बोलली.
"आधी आवाज येतच नाही. आधी माणूस वर जाते. मग सगळी धूळ. आवाज नंतर येते, तोही दुसऱ्याच कोणाच्या घरातून आल्यासारखा."
इंजिनिअरनं घाईघाईत एसी कसा चालतो ते दाखवलं. प्र. माझ्याकडे न पाहता दुसऱ्या दारानं उतरली, उतरताना दाराच्या कडीला धरून.

१६ नोव्हेंबर
ट्रेनिंगमध्ये असं शिकवतात? 'दुसऱ्याच कोणाच्या घरातून'?
यांना म्हटलं. म्हणे, "कोणी सांगितलं असेल तिले. ऐकलेलं बोलली." मग बराच वेळ मोबाइल हातात घेऊन बसले, पण काही लावलं नाही. म्हणजे यांनाही...
तिला विचारायचं की नाही. विचारलं तर हसेल. ते हसणं मला पुन्हा पाहायचं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
मंगेश आला होता. तिच्या पथकातला जवान, अहेरीकडचा. मुलगी झाली म्हणून पेढे घेऊन. प्र. आत चहा ठेवत होती. तो माझ्या पाया पडला आणि उठलाच नाही लवकर.
"काकू, पहिला पेढा तुम्ही घ्या. ताई नसती आन् ती गाडी नसती तर मी कुठची पोरगी पाहतो?"
आतून आवाज आला, "मंग्या!"
उशीर झाला होता. त्यालाही कळलं. पण मी हात धरून बसवलं, आणि मग त्यानं सांगितलंच.
पावसाळ्यातली गोष्ट. नाल्याच्या पुढचं वळण, चिखलाचा रस्ता. चालवत होती प्र. स्फोटक जुनंच पुरलेलं होतं म्हणे. पुढचं चाक उडून धानाच्या बांधीत पडलं. गाडी एका अंगावर झुकली पण उलटली नाही, तिनं स्टिअरिंग सोडलं नाही म्हणून. दारं उघडली. सगळे आपल्या पायानं उतरले. याचा एक दात पडला, बस.
त्या दिवशी तिचा फोन आला होता. आठवतं मला. "गाडी बंद पडली, दोन दिवस इथंच आहो," म्हणाली होती. पेपरात बातमीही होती कुठल्यातरी पानावर, जवान सुखरूप. मी वाचली होती. वाचून, बरं झालं बापा, म्हणून पान उलटलं होतं.
मी मंगेशला विचारलं, "जुनी मोठी गाडी असती तर काय झालं असतं?"
तो म्हणाला, "जुनी तिथपर्यंत गेलीच नसती, काकू. एवढं वजन, नाल्यावरचा रपटा, तो ठेंगणा पूल, तिथूनच परत फिरावं लागे. आम्ही पायीच जात होतो. ही जाते म्हणून तर नेली."
कौतुकानं बोलला. मी मात्र भलतंच ऐकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
तो गेल्यावर.
"काहून सांगितलं नाही?"
"तू त्या वॉर्डात काम करते. तुले सांगितलं असतं तर तू जन्मभर माझ्या पायाकडंच पाहत बसली असती."
"दाखव पाय."
"आई..."
"दाखव म्हटलं ना."
पलंगावर बसवून दोन्ही पाय मांडीवर घेतले. एकेक हाड दाबून पाहिलं, टाच, घोटा, बोटं. सगळं जागेवर. इंजिनिअर खोटं बोलला नव्हता. कुठंतरी राग काढायचा होता मला, आणि गाडीवर काढायची सोयच राहिली नाही. तिच्या पायावर डोकं ठेवून रडले. ती केसांवरून हात फिरवत होती, मीच लहान असल्यासारखी.
ट्रेनिंग वगैरे काही नाही. हलक्या कामावर ठेवलीय, प्रदर्शनाच्या गाड्या पुसते, लोकांना माहिती सांगते. वैद्यकीय बोर्ड व्हायचं आहे. मग ठरेल पुन्हा गाडी द्यायची की नाही.

२१ नोव्हेंबर
माझ्याच वॉर्डात नेलं. एक्स-रे डॉ. के. यांनी स्वतः पाहिला. कमरेच्या वरचा एक मणका पुढून दबलेला, पाचरीसारखा. म्हणूनच बुटाची नाडी बांधायला वाकत नव्हती. भरत आलाय. मज्जारज्जूला काही नाही. "नशीब चांगलं होतं हिचं," म्हणाले.
माझ्या तोंडून निघालं, "गाडी चांगली होती."
डॉक्टरांनी चमकून पाहिलं. मलाही ऐकून नवल वाटलं. प्र. गालात हसली, या वेळी खरं हसली.
बोर्डावर डॉ. के.च आहेत.

२४ नोव्हेंबर, सोमवार
मंगेशचं बोलणं डोक्यातून जात नाही.
गाडी वाईट होती तेव्हा कोणी तिला त्या रस्त्यावर नेत नव्हतं. पायी जायचे, जमीन पाहून, हळू. गाडी चांगली झाली, हलकी झाली, अरुंद वाटेनं जायला लागली, म्हणून नेली. उद्या आणखी चांगली होईल, मग आणखी आत नेतील. चांगली आहे हे मी मान्य करते. माझ्या पोरीचे पाय तिनं मला परत दिले. पण तिच्या चांगुलपणाचाच मला संशय येतो आता.
यांच्याजवळ बोलले. म्हणे, "बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हवर भरवसा होता म्हणून मी त्याच्याजवळ उभा राहत होतो ना."
"आन् व्हॉल्व्ह नसता तर?"
"तर कायले उभा राहिलो असतो?"
"मग मी तेच म्हणून राहिली."
हे उठले. अंगणात जाऊन उभे राहिले.
प्र.नं बजावलं आहे, "बोर्डासमोर तू काही बोलू नको, आई. दुखत नाही असं सांगणार आहो मी."
"दुखत नाही?"
"चालवता येते."
हे उत्तर नव्हे. रोज सकाळी भिंत धरून उठते, पाहते मी. डॉ. के. माझ्या शब्दावर विश्वास ठेवतील. एक वाक्य बोलले तर पोरगी नागपुरात, टेबलाच्या कामावर, पंख्याखाली. आणि मला कधी माफ करणार नाही.
म्हटलं, "तुले पुन्हा तिथं काहून जायचं आहे?"
"मागं बसणाऱ्याले रस्ता दिसत नाही, आई. त्या काचेतून फक्त बाजूचं झाड दिसते. ते माझ्या मानेकडं पाहत बसतात. माझी मान सरळ असली तर गप्पा मारतात. मंग्याले नव्या ड्रायव्हरमागं झोपच येत नाही म्हणे."


२७ नोव्हेंबर, गुरुवार
बोर्ड झालं. माझी ड्युटी त्याच मजल्यावर. मुद्दाम लावून घेतली, खोटं कशाला लिहू.
दार अर्धं उघडं होतं. डॉ. के.नी मला पाहिलं आणि आत बोलावलं. "सिस्टर, तुम्ही सांगा. घरी कशी असते? दुखतं का हिला?"
प्र. ताठ बसली होती, समोरच्या भिंतीकडे पाहत. तिची मान सरळ होती.
वाक्य तोंडात तयार होतं. गेले तीन दिवस तयार होतं. आणि म्हणाले काय, तर "तिलाच विचारा. पाठ तिची आहे."
डॉ. के.नी तिच्याकडे पाहिलं. मग तीच म्हणाली, "दुखते. सकाळी जास्त. एकदा गाडीत बसली की विसरते. पण दुखते."
डॉक्टरांनी लिहून घेतलं. निकाल कळवू म्हणाले.
बाहेर व्हरांड्यात म्हणाली, "मले वाटलं तू सांगशील."
"मले वाटलं तू नाही सांगणार."
दोघी तिथंच उभ्या राहिलो. एक स्ट्रेचर आलं, बाजूला झालो.

३० नोव्हेंबर, रविवार
निकाल नाही. पथकातून फोन मात्र आला, तशाच आणखी गाड्या आल्या आहेत, कुठल्यातरी दूरच्या ठाण्यासाठी, ड्रायव्हर कमी आहेत. 'विचारलं फक्त' असं प्र. म्हणाली. असं कोणी फक्त विचारत नाही.
यांनी पेपर वाचता वाचता विचारलं, "निकाल फिटचा आला तर जाशील?" ती म्हणाली, "आधी येऊ तर द्या." मी विचारलं नाही. अनफिटचा आला तर मला आनंद होईल की नाही, हे मलाच ठरवता आलेलं नाही. आज सकाळी वाटलं होईल. दुपारी तिच्याकडे पाहून वाटलं नाही.
आता चार वाजता खिडकीतून पाहिलं तर ती अंगणात एकटी होती. बाबांची जुनी स्कूटर घेऊन मधल्या स्टँडवर चढवत होती. चढवली, उतरवली, पुन्हा चढवली. एकदाही पाठीला हात लावला नाही, चेहरा वाकडा केला नाही.
मी खिडकीत उभी आहे हे तिला माहीत होतं की नाही, ते काही कळलं नाही.